सॉफ्ट प्लास्टिकवर बास: वर्म सरळ लावा आणि तो बुडताना दोऱ्यावरची नजर हलवू नका

मालवणात खाडीवर गरवायला बसायचो तेव्हा रॉड वगैरे काही नव्हतं, तंगूस (नायलॉनचा दोरा) सरळ बोटावरून जायचा आणि बाबांचं एकच सांगणं असायचं, शिसं तळाला टेकेपर्यंत बोलायचं नाही. डॅलसजवळ राहायला आल्यावर इथला लार्जमाऊथ बास म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा, त्याच्यासाठीचे प्लास्टिकचे वर्म म्हणजे गांडुळासारखी मऊ आमिषं, दहा प्रकारचे हूक, सगळंच नवीन होतं आणि पहिले दोन सीझन मी दुकानातून पाकिटंच्या पाकिटं आणली पण मासे मोजके. नंतर कळलं की पाकीट बदलून काही होत नाही. वर्म हूकवर वाकडा बसला होता आणि तो पाण्यात खाली जात असताना मी भलतीकडे बघत होतो, एवढ्या दोन गोष्टी चुकत होत्या. इथले बरेच मराठी लोक आता वीकेंडला मुलांना घेऊन तळ्यावर जातात आणि हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी हे प्लास्टिक का चालतं ते थोडक्यात. बास मासा चावत नाही, ओढून घेतो. तोंड एकदम उघडतो, पाणी आत जातं आणि पाण्याबरोबर खाणं आत जातं, आणि तोंडात गेलेलं कडक लागलं की तितक्याच पटकन बाहेर फेकतो. मऊ, थोडं खारट प्लास्टिक तो जरा जास्त वेळ तोंडात धरतो आणि तेवढ्या वेळात तुम्हाला हूक मारायचा असतो. १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम आणि त्यांच्या बायकोने घरी प्लास्टिक वितळवून पहिले टिकाऊ वर्म ओतले, पुढे त्यांची कंपनी टेक्ससमधल्या टायलरला आली, आणि टेक्ससमधली तळी म्हणजे बहुतेक सगळी धरणं बांधून झालेली, पाण्याखाली झाडं तशीच उभी. नुसता उघडा हूक टाकला तर दर वेळी लाकडात अडकणार. म्हणून हूकचं टोक वर्मच्या पोटात लपवायची पद्धत इथं रुजली, तोच टेक्सस रिग (रिग म्हणजे हूक, वजन आणि आमिष जोडायची रचना). बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल पण हा एक रिग नीट शिका.

सामान काय लागतं

सुरुवातीला एकच सेट घ्यायचा असेल तर ७ फुटी मीडियम ताकदीचा, फास्ट टोकाचा (म्हणजे फक्त टोकाशी वाकणारा) स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साईजचं रील, त्यावर १० पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, आणि पुढे हूकपर्यंत साधारण ६ ते ८ फूट १० पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा दोरा. यावर या लेखातलं जवळपास सगळं करता येतं. नंतर आवड लागली की मीडियम हेवी रॉड, बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं) रील आणि १५ पौंडाची फ्लुरोकार्बन लाईन घ्या, ती फक्त झाडाझुडपातल्या टेक्सस रिगसाठी. ब्रेड पिवळी किंवा भडक हिरवी घ्या. माशाला दिसेल अशी भीती वाटते पण माशापाशी लीडर असतो, ब्रेड तुम्हाला दिसायला हवी, का ते पुढे येईलच.

प्लास्टिकमध्ये तीन पाकिटं पुरे. एक ५ इंची स्टिक वर्म, म्हणजे दोन्हीकडून निमुळती सरळ कांडी, मीठ घातलेली आणि म्हणून जड. दुसरा ७ इंची रिबन टेल, म्हणजे फितीसारख्या शेपटीचा वर्म. तिसरा क्रॉ किंवा क्रीचर, म्हणजे नांग्या असलेला, चिंबोरीच्या पिल्लासारखा दिसणारा. रंगावर लोक तासन् तास बोलतात. मी एवढंच पाळतो, पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पम्पकिन आणि गढूळ असेल तर काळा-निळा. बाकी रंग घ्यायला मजा येते, घ्या, पण त्यामुळे मासा लागत नाही असं समजू नका की लागतो असंही समजू नका.

हूक मात्र विचार करून घ्या. ५ इंची स्टिक वर्मला ३/० (ही हूकची साईज, आकडा मोठा तसा हूक मोठा) चा ऑफसेट वाईड गॅप, म्हणजे मानेला पायरी आणि पोटात रुंद जागा असलेला हूक, ७ इंची बारीक वर्मला ३/० किंवा ४/० आणि जाड क्रीचरला ४/० नाहीतर ५/०. बघायचं एवढंच की वर्म लावल्यावर हूकच्या पोटात मोकळी जागा उरते का. मासा दाबतो तेव्हा प्लास्टिक त्या मोकळ्या जागेत खाली सरकतं आणि टोक बाहेर येतं. जाड वर्मला छोटा हूक लावला तर प्लास्टिकला सरकायला जागाच नाही, मग तुम्ही कितीही जोरात मारा, मासा वर्म धरून येतो आणि बोटीपाशी तोंड उघडून जातो.

वजनं बुलेटच्या आकाराची, १/८, ३/१६, पाव आणि ३/८ औंस. टंगस्टन महाग पण त्याच वजनाला आकाराने छोटं आणि कडक, त्यामुळे तळ दगडाचा आहे की चिखलाचा ते हाताला कळतं. शिशाची घेतलीत तरी मासे लागतात, मुलांनी तोंडात घालू नयेत एवढं सांभाळा.

टेक्सस रिग, एकेक करून

पहिल्यांदा लाईनमध्ये वजन ओवा. निमुळतं टोक रॉडच्या बाजूला आणि खोलगट बाजू हूककडे. उलटं गेलं तर ते गवतात शिरायच्या ऐवजी गवत गोळा करत येतं. मग हूक बांधा. मी पॅलोमार गाठच मारतो. लाईन चार-सहा इंच दुमडून दुहेरी करा, तो दुमडलेला भाग हूकच्या डोळ्यातून ओवा, दुहेरी लाईनचीच एक साधी सैल गाठ मारा, उरलेला फास अख्ख्या हूकवरून घाला, थुंकीने ओलं करा आणि दोन्ही टोकं हळूहळू ओढा. कोरडी ओढली तर फ्लुरोकार्बन घासून कमजोर होतं, हे मला ज्या माशाने शिकवलं तो मी फक्त शेपटीपर्यंत बघितला, लाईनचं टोक वर आलं तेव्हा गाठीपाशी कुरळं झालं होतं.

आता वर्म. घाई इथंच होते, म्हणून घरी टेबलावर बसून पाच-सहा वेळा करा. वर्म एका हातात नाकाकडून धरा आणि हूकचं टोक नाकाच्या बरोबर मधोमध टोचा. थोडंसुद्धा बाजूला नाही. बऱ्याच वर्मवर साच्याची बारीक शिवण दिसते, तिचा आधार घ्या. साधारण १ सेंटीमीटर सरळ आत जा आणि मग टोक खालच्या बाजूने बाहेर काढा. आता वर्म हूकवरून सरकवत वर आणा, हूकच्या मानेला जी पायरीसारखी वाकडी असते ती नाकात गेली पाहिजे आणि डोळा जेमतेम नाकात दडला पाहिजे. मग हूक अर्धा फिरवा म्हणजे टोक वर्मच्या अंगाकडे बघेल.

इथं थांबा. वर्म सरळ लोंबू द्या आणि हूक त्याच्या शेजारी टेकवून बघा की हूकचं गोल पोट वर्मवर कुठे येतं. बरोबर तिथं नखाने खूण करा. माझी सगळ्यात मोठी चूक हीच व्हायची, अंदाजाने टोचायचो, कधी खूप पुढे तर कधी खूप मागे. पुढे टोचलं तर वर्म ताणला जातो आणि नाकापाशी फाटतो, मागे टोचलं तर मधे फुगा येतो. दोन्हीत वर्म पाण्यात गरगर फिरतो, लाईनला पीळ पडतो आणि मासा जवळ येऊन परत जातो. नखाची खूण झाली की वर्म थोडा दुमडून खुणेतून हूक आडवा आरपार काढा आणि वर्म सोडा. टोक आता वर्मच्या पाठीला चिकटून बसलेलं दिसेल. शेवटी पाठीची नुसती कातडी चिमटीत धरून टोकावर चढवा, जेमतेम दोन मिलिमीटर. बोट फिरवलं तर टोक लागता कामा नये पण दाबलं तर लगेच बाहेर यायला हवं.

मग रॉड वर धरून वर्म डोळ्यासमोर लोंबू द्या आणि पुढून, बाजूने, दोन्हीकडून बघा. सरळ रेषेत आहे? नसेल तर काढून परत लावा. एका वर्मला दोन-तीन वेळा टोचून नाक ढिलं झालं तर दुसऱ्या टोकाने लावा किंवा नाकाचा अर्धा इंच कापून टाका, पण वाकडा वर्म पाण्यात टाकू नका. पाण्यात टाकल्यावरही काठालगत एकदा ओढून बघा, सरळ येतोय की फिरतोय ते दोन सेकंदात दिसतं.

वजन मोकळं ठेवायचं की अडकवायचं? उघड्या पाण्यात मोकळं ठेवा. दाट गवत किंवा फांद्या असतील तर वजनाच्या वर एक रबरी बॉबर स्टॉपर ओवून ते वर्मच्या नाकाला टेकवा, नाहीतर वजन फांदीच्या एका बाजूला आणि वर्म दुसऱ्या बाजूला राहतो.

वजन किती, याचं माझं उत्तर, तळाला पोचेल एवढं हलकं. ५-६ फूट पाणी आणि वारा नाही तर १/८ औंस, वारा असेल किंवा १० फुटांपुढे असेल तर पाव, दाट गवत फोडायचं असेल तर ३/८ किंवा त्याच्या वर. हलका वर्म जास्त वेळ बुडत राहतो, आणि बास घेतो तो बहुतेक वेळा बुडतानाच.

टाकल्यावर काय करायचं

कास्ट केल्यावर (म्हणजे रॉडने फेकल्यावर) वर्म पाण्याला टेकला की लाईन ताणून धरू नका. ताणली तर तो लंबकासारखा तुमच्याकडे झोका खात येतो आणि ज्या ओंडक्याच्या पायाशी टाकला होता तिथून चार फूट लांब तळाला लागतो. पण लाईन एकदम मोकळी भोंगळही नको. रॉडचं टोक वर्म बुडेल तसं त्याच्या मागे खाली न्यायचं, लाईनला हलकी कमान राहू द्यायची आणि नजर लाईन जिथं पाण्यात शिरते त्या जागेवर. भडक ब्रेड घ्या म्हटलं ते याच्यासाठी.

तिथं तीन गोष्टी दिसतात. लाईन टचकन उडते, हे सगळ्यांना कळतं. किंवा लाईन हळूच बाजूला चालायला लागते, वारा नसताना. किंवा मनात १-२-३ मोजताना मागच्या वेळी ८ ला तळ लागला होता आणि या वेळी ४ लाच लाईन ढिली पडली, म्हणजे मधेच कोणीतरी वर्म झेललाय. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त वेळा चुकतो कारण हाताला काहीच लागत नाही. म्हणून दर कास्टला मोजा, खरंच मोजा.

दोन वर्षांपूर्वी बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन तळ्यावर गेलो. वर्म हातात घेऊन म्हणाले, "ह्या रबराक मासो लागतलो?" मी म्हटलं बघा तर खरं. त्यांना रॉडपेक्षा रीलच्या पुढची लाईन तर्जनीवर धरणं सोयीचं वाटलं, तसेच बसले, आणि तिसऱ्या का चौथ्या कास्टला मला म्हणाले, "अरे, टेकूक व्हयो हुतो, टेकलो नाय." मी लाईनकडे बघतोय तर ती ढिली. मारा म्हटलं, मारला, साधारण तीन पौंडाचा बास. तेव्हापासून मीही तर्जनी लाईनवरच ठेवतो, डोळे आणि बोट दोन्ही कामाला.

तळाला लागल्यावर पाच-दहा सेकंद काही करू नका. मग रॉड घड्याळातल्या ९ पासून ११ पर्यंत हळू उचला, वर्म एखाद-दोन फूट सरकेल, परत लाईन ढिली करून बुडू द्या आणि परत बघा. ओंडका लागला तर ओढू नका, हळूच वर चढवा आणि पलीकडे पडू द्या. हे पलीकडे पडणं सोन्यासारखं असतं. थंड पाण्यात नुसतं तळाला घसटत न्या.

मासा लागलाय असं वाटलं की आधी रॉड खाली करून ढिली लाईन गुंडाळा आणि मग रॉड जोरात वर किंवा बाजूला ओढा. ढिल्या लाईनवर मारलेला झटका लाईन सरळ करण्यातच संपतो. जाड हूक, त्यावर प्लास्टिकची कातडी, हे भेदायला ताकद लागते, संकोच नको. आणि फार वाट बघू नका. "नीट गिळू दे" हा आपला गांडुळाच्या गरीचा हिशोब इथं लावला तर हूक घशात जातो आणि सोडायचा मासा मरतो.

वॅकी रिग, आणि मुलांना पहिला मासा

मुलांसोबत जात असाल तर मी टेक्सस रिगच्या आधी हा देतो. तोच ५ इंची स्टिक वर्म, त्याच्या बरोबर मध्यावर एक छोटी रबरी ओ-रिंग चढवा आणि १/० चा वॅकी हूक त्या रिंगखालून घाला. वजन काही नाही. पाण्यात टाकला की दोन्ही टोकं थरथरत तो संथ खाली जातो आणि तुम्हाला काहीही करायचं नसतं, तीच याची खुबी. लाकडी धक्क्यांच्या सावलीत, बुडलेल्या झाडाच्या कडेला टाका, बुडू द्या, लाईन बघा, थोडं उचला, परत बुडू द्या. ओ-रिंग नसेल तर हूक थेट वर्ममधून घालता येतो पण मग दर दुसऱ्या माशाला वर्म तुटतो. इथं हूक उघडा आणि बारीक असल्यामुळे झटका द्यायचा नाही, लाईन गुंडाळत रॉड नुसता वळवायचा. काड्याकुट्यात मात्र हा सारखा अडकतो.

बाकीचे रिग पटकन. कॅरोलायना म्हणजे अर्धा ते पाऊण औंस वजन, एक मणी, एक स्विव्हल (फिरती कडी) आणि पुढे दीड ते तीन फूट लीडरवर हूक. उन्हाळ्यात मासे खोल उतारावर जातात तेव्हा मोठा भाग पटापट चाचपायला हा चांगला, कारण जड वजन तळ घासतं आणि मागे वर्म तरंगत येतो. ड्रॉप शॉटमध्ये उलटं, वजन सगळ्यात खाली आणि हूक त्याच्या फूटभर वर. पॅलोमार मारताना खालचं टोक लांब ठेवा आणि गाठ झाल्यावर तेच टोक हूकच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने परत ओवा म्हणजे हूक लाईनला काटकोनात राहतो. रॉड हलवताना वजन जागेवरून हलू द्यायचं नाही, फक्त ढिल्या लाईनला कंप द्यायचा. आणि नेड रिग, मशरूमच्या आकाराचं हलकं जिगहेड (वजन जोडलेला हूक) आणि पावणेतीन इंचाचा तुकडा, कॅन्ससकडून आलेला. दिसायला काहीच नाही पण थंडीत किंवा खूप लोक येऊन गेलेल्या तळ्यावर मला यानेच वाचवलंय.

कधी आणि कुठे

उत्तर टेक्ससमध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मासे उथळ पाण्याकडे सरकतात आणि पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटच्या आसपास गेलं की अंडी घालायला लागतात. तेव्हा २ ते ६ फुटांत वजनाशिवायचा स्टिक वर्म टाका. घरट्यावर राखण करणारा नर लागला तर फोटोत वेळ न घालवता तिथंच सोडा, तो नसला की सनफिश पिल्लं साफ करतात. जून ते सप्टेंबर पहाट आणि संध्याकाळ, दुपारी गेलात तर खोल पाणी किंवा दाट सावली. लेक फोर्कला एकदा तरी जा, जानेवारी १९९२ मध्ये तिथं लागलेला १८.१८ पौंडाचा बास हा टेक्ससचा विक्रम आहे आणि पाण्यात अजून वाळलेली झाडं उभी दिसतात.

मासे पकडायचं लायसन्स १७ आणि त्यावरच्या वयाच्या जवळपास सगळ्यांना लागतं, पण टेक्सस स्टेट पार्कच्या आत काठावरून मासे पकडायला लागत नाही, त्यामुळे आई-बाबा भारतातून आले असतील तर तिथं न्या. लार्जमाऊथला साधारण नियम किमान १४ इंच आणि दिवसाला ५, पण बऱ्याच तळ्यांचे वेगळे नियम आहेत, फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला ठेवताच येत नाही. जायच्या आधी त्या तळ्याचा नियम बघून निघा. खायला कसा, हे सगळेच विचारतात. तुम्ही ठेवणार असाल तर नियमात बसणारे छोटे ठेवा, मोठ्या माद्या सोडा. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, खालच्या जबड्याला अंगठा लावून उभा, आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. नुसत्या जबड्यावर आडवा लोंबवला तर जबडा निखळू शकतो.

कोकणातल्या मित्रांसाठी एक, आपला जिताडा इंग्रजीत सीबास म्हणवला जातो पण तो या बासचा नातेवाईक नाही, वेगळं कुळ आहे. तरीही जिगहेडवरचा पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं मऊ आमिष) खाडीत जिताड्याला आणि तांबोशीला चालतो, आणि बुडताना लाईन बघायची ही गोष्ट तिथंही जशीच्या तशी लागू. अमेरिकेतला बास मात्र कुठल्याही तळ्यात आणून सोडायच्या गोष्टी करू नका. जपानमध्ये तो असाच नेला गेला आणि २००५ पासून तिथं तो कायद्याने घातक परदेशी प्रजाती ठरलाय.

फाटलेले वर्म पाण्यात टाकायचे नाहीत, माशांच्या आणि कासवांच्या पोटात ते राहतात. मी कमरेला एक झिपची पिशवी अडकवतो, काठावर दुसऱ्यांचे सापडले तरी त्यात टाकतो. आणि वर्म आपापल्या पाकिटातच ठेवा, एकत्र डब्यात ओतू नका. रंग एकमेकांत उतरतात, आणि झी-मॅन कंपनीचे ते खूप ताणले जाणारे इलॅझटेकचे वर्म साध्या प्लास्टिकला टेकले तर दोन्ही वितळून चिकट गोळा होतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. दुमडून वाकडे झालेले फेकायचीही गरज नाही, पाणी उकळून गॅस बंद करा, वर्म चिमट्याने अर्धा मिनिट त्यात बुडवा, ताटात सरळ झोपवा, वरून गार पाणी ओता आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. मी शुक्रवारी रात्री हेच करून ठेवतो, सकाळी पाचला निघताना सगळे सरळ झालेले असतात.